नंदुरबारचा पाऊस, धुळ्याचं लेबल: आकड्यांना ‘इंडेक्स’ नेमका कोण देतं?

१९९१ च्या जनगणनेचे जिल्हानिहाय तक्ते उघडा आणि त्यात नंदुरबार शोधा. सापडणार नाही.

कारण सोपं आहे. नंदुरबार जिल्हा तयार झाला १ जुलै १९९८ रोजी, धुळे जिल्ह्यातून वेगळा होऊन. १९९१ मध्ये तोरणमाळ होतं, मिरचीचा बाजार होता, अक्कलकुवा आणि शहादा हे तालुकेही होते. फक्त त्यांच्या आकड्यांवर पाटी होती ‘धुळे’ अशी. त्याच्याही मागे गेलात तर ‘पश्चिम खानदेश’ ही पाटी दिसते.

म्हणजे आकडे एक गोष्ट आणि आकड्यांवरची पाटी ही दुसरी गोष्ट. माणसाला हे सांगावं लागत नाही. जुना तक्ता पाहताना आपण मनातल्या मनात म्हणतो, ‘हां, हे तेव्हा धुळ्यात होतं.’ कॉम्प्युटर असं काही म्हणत नाही. १९९१ आणि २००१ चे तक्ते त्याला शेजारी ठेवायला सांगितले, तर एका बाजूला नंदुरबार नाही म्हणून तो दुसऱ्या बाजूचा नंदुरबारही गाळू शकतो. आणि असं केल्याचं तुम्हाला सांगेलच असं नाही.

ही पाटी आकड्यांना कोण लावतं, कधी लावतं आणि कोणत्या पद्धतीने लावायला हवी, हा आजचा विषय. डेटावाल्यांच्या भाषेत याला म्हणतात लेबल असलेल्या अ‍ॅरेला इंडेक्स पुरवणं. नाव जड आहे, पण पाऊस, पीक विमा, कुपोषण, जनगणना असं काहीही कॉम्प्युटरवर मोजलं जातं तिथे हा प्रश्न बसलेला असतोच.

आधी साधा अ‍ॅरे

अ‍ॅरे म्हणजे आकड्यांची शिस्तीत मांडलेली रांग किंवा चौकट. आपलं हवामान खातं देशभराच्या रोजच्या पावसाची अशीच एक चौकट तयार करतं. अक्षांश ६.५ पासून ३८.५ पर्यंत, रेखांश ६६.५ पासून १०० पर्यंत, प्रत्येक पाव अंशावर एक बिंदू. म्हणजे उभे १२९ आणि आडवे १३५ बिंदू. १९०१ पासून प्रत्येक दिवसाची अशी एक चौकट आहे.

आता तुम्हाला धडगावचा पाऊस हवा आहे. धडगाव साधारण २१.८२ अक्षांश आणि ७४.२२ रेखांशावर. साध्या अ‍ॅरेला हे कळत नाही. त्याला फक्त ‘कितवी ओळ, कितवा रकाना’ एवढंच कळतं. मग तुम्ही बसून गणित करता: २१.८२ मधून ६.५ वजा, भागिले ०.२५, उत्तर ६१ च्या आसपास. ७४.२२ मधून ६६.५ वजा, भागिले ०.२५, उत्तर ३१ च्या आसपास. म्हणजे ओळ ६१, रकाना ३१. तेही शून्यापासून मोजून, कारण पायथनसारख्या बऱ्याच भाषांत पहिली ओळ म्हणजे शून्यावी ओळ.

एकदा केलं तर ठीक. पण कुणी उत्तरेकडून सुरू होणारी चौकट दिली, तर ओळ ६१ म्हणजे भलताच प्रदेश. कुणी फक्त महाराष्ट्राचा तुकडा कापून दिला, तर ६१ हा आकडाच निरर्थक. क्रमांक तोच राहतो, अर्थ बदलतो, आणि अ‍ॅरे मात्र निवांतपणे काहीतरी आकडा काढून देतो.

यावर उपाय म्हणून लेबलवाले अ‍ॅरे आले. पायथन भाषेतलं पांडाज हे सॉफ्टवेअर वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलं. ते मुख्यतः तक्त्यांसाठी. पावसासारख्या अनेक दिशांनी पसरलेल्या डेटासाठी २०१४ मध्ये आणखी एक आलं. त्याचं आधीचं नाव एक्सरे होतं, २०१६ मध्ये ते एक्सअ‍ॅरे झालं. गंमत म्हणजे हे जन्मलं अमेरिकेतल्या क्लायमेट कॉर्पोरेशन या कंपनीत, जी शेतकऱ्यांना हवामानावर आधारित विमा विकायची. शेती, पाऊस आणि विमा हे त्रिकूट आपल्याला नवीन नाही.

एक्सअ‍ॅरेमध्ये तुम्ही थेट म्हणू शकता: अक्षांश २१.७५, रेखांश ७४.२५, अमुक तारीख, आकडा दे. ओळ-रकान्याचं गणित ते स्वतः करतं.

लेबल आणि इंडेक्स एक नाहीत

इथे बरेच जण घसरतात, म्हणून जरा थांबू.

तलाठी कार्यालय डोळ्यासमोर आणा. कपाटात सातबारे रचलेले आहेत. प्रत्येकावर गट नंबर लिहिला आहे. हा गट नंबर म्हणजे लेबल. एक्सअ‍ॅरेच्या भाषेत कोऑर्डिनेट.

आता तुम्ही गट नंबर ११८ मागितला. कपाटातला एकेक कागद पाहत गेलं तर संध्याकाळ होईल. पण कार्यालयात एक नोंदवही असेल, ‘गट ११८ तिसऱ्या कप्प्यात, अमक्या गठ्ठ्यात’ असं सांगणारी, तर काम क्षणात होतं. ही नोंदवही म्हणजे इंडेक्स. लेबल कागदावर असतं, इंडेक्स ते शोधून देतो.

नंदुरबारच्या २० बिंदूंसाठी नोंदवही नसली तरी चालेल. पण २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ६ लाख ४० हजार गावं होती. त्यातलं एक गाव हजार वेळा शोधायचं असेल तर नोंदवही लागतेच. पांडाजचा इंडेक्स आतमध्ये अशीच एक वही बनवून ठेवतो, त्यामुळे यादी कितीही लांब असली तरी शोध जवळपास तेवढ्याच वेळात लागतो.

याच कारणामुळे एकदा बनलेला इंडेक्स मधूनच बदलता येत नाही. कपाटातल्या कागदावर गट नंबर खोडून नवा लिहिला आणि नोंदवही तशीच ठेवली, तर नोंदवही खोटी ठरेल. त्यामुळे लेबल बदलायचं तर नवा इंडेक्स बनवावा लागतो. फेरफार घातल्याशिवाय सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही, तसंच काहीसं.

खरी गडबड दोन तक्ते जुळवताना

इंडेक्स शोधायला लागतोच, पण त्याचं सगळ्यात मोठं काम वेगळं आहे: दोन डेटासेट एकमेकांशी जुळवणं.

नंदुरबार जिल्ह्यात सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. समजा एका तक्त्यात या सहा तालुक्यांचा पाऊस आहे. दुसऱ्या तक्त्यात लागवडीचं क्षेत्र आहे, पण तो तयार करणाऱ्याने ‘अक्राणी’च्या जागी ‘धडगाव’ लिहिलंय, कारण तालुक्याचं मुख्यालय धडगाव आणि बोलताना लोक तेच नाव घेतात. शिवाय ‘शहादा’ऐवजी ‘शहादे’.

वाचणाऱ्याला सहाच्या सहा तालुके ओळखू येतात. कॉम्प्युटरला मात्र चारच जुळलेले दिसतात.

आता पुढे काय होईल ते सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. एक्सअ‍ॅरेमध्ये दोन अ‍ॅरेंचा गुणाकार केला तर नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त सामाईक लेबलं उरतात. म्हणजे चार तालुके. अक्राणी आणि शहादा गायब, एकही सूचना न देता. पांडाज उलटं करतं. दोन्हीकडची सगळी लेबलं घेतं, म्हणजे आठ ओळी होतात, आणि त्यातल्या चार रिकाम्या. रिकाम्या ओळी निदान डोळ्यांना दिसतात. पण त्यांची सरासरी काढली की पांडाज रिकाम्या जागा वगळून सरासरी देतं आणि पुन्हा आपण चार तालुक्यांवरच येतो.

जिल्ह्याची सरासरी म्हणून जो आकडा बातमीत जाईल त्यात सातपुड्यातला अक्राणी तालुकाच नसेल. हे नुसतं शुद्धलेखनाचं प्रकरण नाही. आपल्याकडे २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीच्या मदतीची पुढची प्रक्रिया त्यावर चालते. मंडळाचं नाव एका यादीत एक आणि दुसऱ्या यादीत दुसरं असेल, तर पाऊस पडलेला असूनही हिशोबात तो नसतो.

एक्सअ‍ॅरेमध्ये ‘लेबलं तंतोतंत जुळली नाहीत तर थांब आणि चूक दाखव’ असं सेटिंग करता येतं. सरकारी याद्यांवर काम करणाऱ्याने ते पहिल्या दिवशीच चालू करावं असं माझं मत आहे. कामात अडथळे वाढतात, पण ते अडथळे खरे असतात.

एकाच जिल्ह्याला किती पाट्या?

नाव जुळत नाही तर क्रमांक वापरा, असं कुणीही म्हणेल. बरोबर आहे, पण कोणता क्रमांक?

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७ आणि त्यात नंदुरबारचा ०१. २०११ मध्ये जिल्ह्यांना देशभर सलग क्रमांक दिले गेले, तिथे नंदुरबार झाला ४९७. गाड्यांवर एमएच ३९. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत आणखी वेगळा क्रमांक. सगळे अधिकृत, सगळे आपापल्या जागी बरोबर.

त्यातला ०१ तर खास त्रासदायक. ही फाईल एक्सेलमध्ये उघडली की बहुतेक वेळा पुढचं शून्य उडतं आणि उरतो नुसता १. मग एका तक्त्यात अक्षरांत लिहिलेलं ‘०१’ आणि दुसऱ्यात संख्या म्हणून १. कॉम्प्युटरच्या लेखी या दोन वेगळ्या वस्तू. देवनागरी नावांत तर याहून बारीक खोड्या आहेत. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतं, एकच अक्षर म्हणून किंवा ‘र’ अधिक नुक्ता म्हणून. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, पण जुळवताना जुळत नाहीत. खुर्द आणि बुद्रुक गाळून नुसतं गावाचं नाव टाकलं तर एकाच नावाची दोन लेबलं होतात, आणि अशा दुहेरी लेबलांवर एक्सअ‍ॅरे जुळवणी करायलाच नकार देतं. हा नकार चांगला आहे. नाहीतर कुठल्या गावाचा आकडा कुठल्या गावाला लागला असता, कोण जाणे.

चांगलं लेबल कसं असावं याचं एक उदाहरण याच जिल्ह्यातलं आहे. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आधारच्या १२ अंकांत तुमचं गाव, जात, वय असं काहीच दडलेलं नसतं, क्रमांक यादृच्छिक असतो. शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला तपासणी अंक, त्यामुळे टाइप करताना एखादा अंक चुकला तर लगेच कळतं. आधार कुठे सक्तीचं असावं, कुठे नसावं यावर वाद होत राहिले आहेत आणि ते महत्त्वाचेही आहेत, पण निव्वळ लेबल म्हणून पाहिलं तर त्याची घडण विचारपूर्वक केलेली आहे. गाव बदललं, नाव बदललं, तरी क्रमांक तोच.

जिल्ह्याच्या नावाचं तसं नसतं. आकांक्षित जिल्हा कार्यक्रमाचं घ्या. २०१८ मध्ये तो सुरू झाला, त्यात ११२ जिल्हे आणि ४९ निर्देशक. महाराष्ट्रातले चार जिल्हे: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद. म्हणजे जिल्हा, निर्देशक आणि महिना अशा तीन दिशांची ही लेबलवाली चौकट झाली. मग २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावालाच इंडेक्स केलं असेल तर त्या जिल्ह्याची मालिका २०२३ मध्ये तुटते आणि एक नवा जिल्हा उगवतो.

मग करायचं काय? एकाच दिशेला अनेक लेबलं ठेवायची. गावांच्या यादीला जनगणनेचा सहा अंकी क्रमांकही लावा, मराठी नावही लावा, तालुकाही लावा. ती सगळी कोऑर्डिनेट म्हणून राहू देत. पण शोधायला आणि जुळवायला कोणतं वापरायचं, ते एक निवडा. या निवडीलाच इंडेक्स देणं म्हणतात. आणि ही निवड सॉफ्टवेअरने अंदाजाने करायची की तुम्ही सांगायची, यावरच एक्सअ‍ॅरे बनवणाऱ्यांचा बराच काळ खल झाला.

इंडेक्स द्यायचा कसा: चार वाटा

पहिली वाट म्हणजे नावावरून ओळख. दिशेचं नाव ‘गाव’ आणि एखाद्या कोऑर्डिनेटचंही नाव ‘गाव’ असेल, तर एक्सअ‍ॅरे समजतं की हाच इंडेक्स, आणि स्वतःच बनवून टाकतं. तुम्हाला काही करावं लागत नाही. नवशिक्यासाठी हे उत्तम आहे आणि आजही नेहमीची पद्धत हीच आहे.

पण यात तीन अडचणी होत्या. एक, ‘गाव’ या नावाखाली कुणी नुसते अनुक्रमांक टाकले, तर इंडेक्स अनुक्रमांकांचा बनतो आणि खरा जनगणना क्रमांक शेजारी नुसता शोभेला राहतो. दोन, शोधायचं तर ज्याचं नाव दिशेसारखं आहे त्याच कोऑर्डिनेटवरून. तालुक्यावरून शोधायचं तर नावांची अदलाबदल करा. तीन, ‘मला इंडेक्स नको’ असं म्हणायची सोय नव्हती. लेबलांची यादी प्रचंड असेल तर नुसता अ‍ॅरे उघडतानाच ती सगळी डिस्कवरून वाचून मेमरीत आणावी लागायची, कारण नोंदवही बनवायची तर प्रत्येक कागद पाहावा लागतो.

दुसरी वाट म्हणजे लेबलांच्या जागी थेट तयार इंडेक्सच देणं. याचं ठळक उदाहरण मल्टिइंडेक्स. जमिनीचा तुकडा ओळखायला आपण तालुका, गाव आणि गट नंबर असे तीन भाग वापरतो. नुसता गट ११८ सांगून काही होत नाही, तो कितीतरी गावांत असतो. पांडाजमध्ये हे तीन भाग बांधून एकच इंडेक्स होतो, तो मल्टिइंडेक्स.

हा गठ्ठा एक्सअ‍ॅरेला दिला की ते गुपचूप तो सोडायचं आणि त्यातून तालुका, गाव, गट अशी आणखी कोऑर्डिनेट्स तयार करायचं. तुम्ही दिली एक वस्तू, आत झाल्या अनेक. समजा तुमच्याकडे ‘तालुका’ नावाचं कोऑर्डिनेट आधीच होतं, तर? कोणतं ठेवायचं, कोणतं टाकायचं? वाचणाऱ्याला कोडमध्ये दिसतं एक नाव, प्रत्यक्षात बदलतात चार. म्हणून ही वाट आता बंद होत चालली आहे. तसं केल्यास एक्सअ‍ॅरे इशारा देतं आणि गठ्ठा उघडपणे सोडून द्यायला सांगतं.

तिसरी वाट कागदावर सर्वांत सरळ दिसते. अ‍ॅरे बनवताना आकडे द्या, लेबलं द्या आणि तिसरा वेगळा रकाना ‘इंडेक्स’ म्हणून द्या. झालं की! पण यात एक मेख आहे. लेबलं एका हाताने आणि इंडेक्स दुसऱ्या हाताने दिला, तर दोघे एकमेकांशी खोटं बोलू शकतात. कपाटातल्या कागदांवर आहेत तळोद्याचे गट नंबर आणि नोंदवही आणलीय नवापूरची. प्रत्येक वेळी दोन्ही ताडून पाहायचे तर वेळ जातो, नाही पाहिले तर चुकीचा आकडा निघतो. एक्सअ‍ॅरेच्या अ‍ॅरेमध्ये असा रकाना आहे, पण कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की तो फक्त अंतर्गत वापरासाठी आहे, बाहेरच्यांनी कोऑर्डिनेट्सच्या वाटेने यावं.

ही कोऑर्डिनेट्सची वाट म्हणजे चौथी. लेबलं आणि त्यांचा इंडेक्स आधी एकाच पाकिटात एकत्र बांधायचे आणि मग ते पाकीट अ‍ॅरेला द्यायचं. या पाकिटाला एक्सअ‍ॅरेमध्ये ‘कोऑर्डिनेट्स’ असंच नाव आहे, आणि २०२३ पासून ते सर्वांना थेट बनवता येतं. पाकीट बनतानाच पहिली तपासणी होते. ज्या नावाचा इंडेक्स दिला त्या नावाचं कोऑर्डिनेट आत नसेल तर ते नाकारलं जातं. इंडेक्सबद्दल काहीच सांगितलं नाही तर जुनी सवय चालू राहते, नावावरून आपोआप इंडेक्स. आणि इंडेक्सच्या जागी मुद्दाम रिकामी यादी दिली तर अर्थ होतो: लेबलं ठेव, नोंदवही बनवू नकोस.

हा शेवटचा भाग मला सगळ्यात आवडतो. ‘काही सांगितलं नाही’ आणि ‘काही नको असं सांगितलं’ या दोन गोष्टी इथे वेगळ्या धरल्या आहेत. आपल्याकडच्या कितीतरी सरकारी फॉर्ममध्ये हा फरक नसतो. रकाना रिकामा असेल तर माहिती नाही, की लागू नाही, की शून्य, हे कळतच नाही.

पाकीट बनवण्याचा आणखी एक फायदा. एका अ‍ॅरेची कोऑर्डिनेट्स उचलून तशीच दुसऱ्या अ‍ॅरेला देता येतात. पावसाचा अ‍ॅरे आणि तापमानाचा अ‍ॅरे दोघांकडे तीच नोंदवही, त्यामुळे पुन्हा बनवायची गरज नाही आणि जुळतात की नाही ही शंकाही नाही.

अ‍ॅरे आधीच तयार असेल तर? मग नंतर एखाद्या कोऑर्डिनेटला इंडेक्स जोडता येतो, नको असलेला काढता येतो, आणि त्या कोऑर्डिनेटचं नाव दिशेसारखंच असायला हवं ही अटही राहिलेली नाही. ही मोकळीक आली २०२२ च्या मोठ्या बदलानंतर. इंडेक्स म्हणजे पांडाजचाच, हे समीकरण तेव्हा मोडलं. आता वेगळ्या प्रकारचा इंडेक्स स्वतः लिहूनही देता येतो.

वेगळ्या प्रकारचा म्हणजे कसा? हवामान खात्याच्या १२९ अक्षांशांची यादी साठवायची खरं तर गरजच नाही. सुरुवात ६.५, पायरी ०.२५, संख्या १२९, एवढं लक्षात ठेवलं की कोणतंही लेबल गणिताने काढता येतं. १२९ साठी बचत नगण्य आहे. पण सेंटिनेल-२ उपग्रहाचा दहा मीटरवाला एक तुकडा घेतला तर त्यात १०,९८० गुणिले १०,९८० ठिपके असतात, म्हणजे १२ कोटींहून जास्त. प्रत्येक ठिपक्याचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवायचे, की नकाशाचे सहा आकडे ठेवून हवं तेव्हा गणित करायचं? दुसरा पर्याय निवडणारा इंडेक्स आता देता येतो. तो वहीत पाहत नाही, तोंडी हिशोब करतो.

दशांशाचे आणि दिशेचे खड्डे

पाव अंशाची चौकट एका बाबतीत सुखाची आहे. ०.२५ हा आकडा कॉम्प्युटरच्या दुहेरी अंकपद्धतीत तंतोतंत बसतो. ०.१ बसत नाही. ईआरए-५ लँड नावाचा युरोपीय हवामान डेटा ०.१ अंशावर आहे. त्यातलं २१.८ हे लेबल एका फाईलमध्ये कमी अचूकतेने साठवलं असेल तर ते प्रत्यक्षात २१.७९९९९९२३७ असं असतं. दुसऱ्या फाईलमध्ये जास्त अचूकतेने साठवलेलं २१.८ वेगळं. छापलं तर दोन्हीकडे २१.८ दिसेल. जुळवलं तर जुळणार नाही, आणि सामाईक लेबलंच घ्यायची सवय असलेलं एक्सअ‍ॅरे तो अक्षांशच गाळून टाकेल.

दिशेचंही तसंच. हवामान खात्याची चौकट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, ईआरए-५ उत्तरेकडून दक्षिणेकडे. ‘२१ ते २२ मधला भाग दे’ असं म्हटलं की पहिल्यात नंदुरबारचा पट्टा मिळतो, दुसऱ्यात रिकामा अ‍ॅरे. तिथे ‘२२ ते २१’ म्हणावं लागतं.

मग लोक ‘सर्वांत जवळचा बिंदू दे’ हा पर्याय वापरतात. सोयीचा आहे, पण किती जवळचा याची मर्यादा घातली नाही तर तो काहीही देतो. समजा घाईत अक्षांश आणि रेखांश उलटे टाकले, अक्षांश ७४.२२ आणि रेखांश २१.८२. चौकटीत ७४ अक्षांश नाहीच, सर्वांत जवळचा ३८.५. रेखांश २१ नाही, सर्वांत जवळचा ६६.५. म्हणजे धडगावचा पाऊस विचारला आणि इंडेक्स तुम्हाला घेऊन गेला उझबेकिस्तानात, तेही काही न बोलता. हवामान खात्याच्या डेटात तिथे आकडा नसतो म्हणून चूक लक्षात येते. जगभराचा डेटा असता तर उझबेकिस्तानचा पाऊस धडगावच्या नावावर चढला असता. पाव अंशाच्या चौकटीत ०.१२५ अंशापेक्षा लांबचं उत्तर नको, एवढी मर्यादा घातली की पुरे.

लेबल जुळलं, अर्थ नाही जुळला

एक दुखणं मात्र असं आहे की ज्यावर कोणताही इंडेक्स पुरत नाही.

हवामान खात्याच्या रोजच्या पावसात १५ जुलै या तारखेचा आकडा म्हणजे १४ जुलैच्या सकाळी साडेआठपासून १५ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस. ईआरए-५ मध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथल्या तासांची तारखेनुसार बेरीज केली तर १५ जुलै म्हणजे आपल्या १५ तारखेच्या पहाटे साडेपाचपासून १६ तारखेच्या पहाटे साडेपाचपर्यंत. दोन्हीकडे लेबल १५ जुलै. इंडेक्स आनंदाने जुळवेल, तंतोतंत जुळणीची अटही पाळली जाईल. पण १५ तारखेच्या रात्री नवापूरमध्ये कोसळलेला पाऊस एकीकडे १६ मध्ये असेल आणि दुसरीकडे १५ मध्ये.

इथे काम करणाऱ्यालाच वही दुरुस्त करावी लागते. ईआरए-५ चे तास आपल्या साडेआठ ते साडेआठमध्ये, म्हणजे जागतिक वेळेच्या ३ ते ३ मध्ये, बेरीज करून मग तारखेचं लेबल लावायचं आणि नंतरच जुळवणी करायची.

१९९८ च्या आधीच्या नंदुरबारचंही उत्तर याच अंगाने मिळतं. पावसाच्या चौकटीला जिल्हा माहीत नाही, तिची लेबलं अक्षांश-रेखांशाची, ती १९०१ पासून तीच आहेत. जिल्ह्याच्या चौकटीत जेमतेम विसेक बिंदू येतात, त्यातले काही शेजारच्या जिल्ह्यांत पडतात. आत पडणाऱ्या बिंदूंना ‘नंदुरबार’ हे आणखी एक कोऑर्डिनेट म्हणून लावा, इंडेक्स अक्षांश-रेखांशावरच राहू द्या, आणि १९५० चाही नंदुरबारचा पाऊस काढता येतो. जनगणनेसाठी तालुका पातळीवर उतरून सहा तालुके एकत्र करावे लागतात.

तुमच्याकडे एक्सअ‍ॅरेचा एखादा अ‍ॅरे असेल तर तो नुसता छापून पाहा. कोऑर्डिनेट्सच्या यादीत काही नावांच्या आधी तारा (*) दिसेल. तारा असलेल्याला इंडेक्स आहे, नसलेल्याला नाही. गावांच्या यादीत तारा जनगणना क्रमांकासमोर हवा होता आणि तो दिसतोय अनुक्रमांकासमोर, तर पुढचा एकही गुणाकार करण्याआधी तो हलवून घ्या.